निविदेतला दर किती वर, किती खाली? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी छोट्या ठेकेदारांच्या आणि मजूर संस्थांच्या निविदा भरून देतो. निविदा बंद व्हायच्या आदल्या संध्याकाळी फोन सुरू होतात, आणि दहातले सात प्रश्न दराबद्दलच असतात. तीच तीच उत्तरं देऊन घसा बसतो, म्हणून एकदाची लिहून काढली. यातलं बरंचसं महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या पद्धतीचं आहे, काही केंद्र सरकारच्या खरेदीचं. शासन निर्णय बदलत राहतात. तुमच्या निविदेच्या संचात आणि शेवटच्या शुद्धिपत्रकात जे छापलंय, तेच तुम्हाला लागू.

"या कामाला लिमिट किती आहे?" याचं सरळ उत्तर का मिळत नाही?

कारण विचारणाऱ्याच्या डोक्यात एक लिमिट असते आणि सांगणाऱ्याच्या डोक्यात दुसरी. "लिमिट" या एकाच शब्दात आपण चार गोष्टी कोंबतो. किती रकमेच्या वरच्या खरेदीला निविदा काढावीच लागते, ही पहिली. खात्याने कामाची धरलेली अंदाजित किंमत, ही दुसरी. त्याच्या वर किती गेलं तर दर नामंजूर होतो, ही तिसरी. आणि किती खाली गेलं तर खिशातून जादा पैसे ठेवावे लागतात, ही चौथी. पहिलीशी ठेकेदाराचा फारसा संबंध नाही, ती कार्यालयाची डोकेदुखी. दुसरी म्हणजे मर्यादाच नव्हे. नुकसान होतं ते चौथीत, आणि नेमकं तेच कलम कुणी वाचत नाही.

किती रकमेपर्यंत निविदा न काढता खरेदी करता येते?

केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मध्ये मुळात अशी पायरी होती: २५,००० रुपयांपर्यंत दरपत्रक न मागवता थेट खरेदी, तिथून अडीच लाखांपर्यंत तीन जणांच्या स्थानिक खरेदी समितीने बाजारात फिरून खरेदी, त्यापुढे निविदा. हे आकडे नंतर वाढवले गेले, त्यामुळे जुनं पुस्तक उघडून कार्यालयाशी भांडू नका. वस्तू जेम पोर्टलवर (केंद्राचा ऑनलाइन सरकारी बाजार) मिळत असेल तर केंद्राच्या कार्यालयांनी ती तिथूनच घ्यायची, आणि तिथे थेट खरेदी, दरांची तुलना आणि बोली यांच्या वेगळ्या पायऱ्या आहेत.

महाराष्ट्रात ई-निविदेची मर्यादा २०१४ च्या शासन निर्णयाने ३ लाख होती, २०२१ मध्ये ती १० लाखांवर नेली. मर्यादेच्या आतली छोटी कामं काम वाटप समितीमार्फत मजूर सहकारी संस्था, सुशिक्षित बेरोजगार अभियंते आणि खुले ठेकेदार यांच्यात ३३:३३:३४ अशी वाटायची पद्धत आहे. कार्यालयीन वस्तूंच्या खरेदीसाठी उद्योग विभागाची १ डिसेंबर २०१६ ची नियमपुस्तिका आणि तिच्यातल्या पुढच्या सुधारणा बघायच्या.

बारा लाखांचं काम सहा-सहा लाखांची दोन करून दिलं तर चालतं का?

नाही. मर्यादा चुकवण्यासाठी किंवा वरच्या साहेबांची मंजुरी टाळण्यासाठी मागणीचे तुकडे पाडू नयेत, असं वित्तीय नियमांतला नियम १५७ स्पष्ट सांगतो. लेखापरीक्षक पहिलं बोट तिथेच ठेवतो: एकच रस्ता, साखळी क्रमांक (रस्त्यावरचं मीटरमधलं अंतर) ० ते ४०० एक काम, ४०० ते ८०० दुसरं, दोन्हींचे कार्यारंभ आदेश एकाच आठवड्यातले. आक्षेप निघाला तर उत्तर देणारा अधिकारी तोपर्यंत बदलून गेलेला असतो, आणि देयक मात्र तुमचं अडकतं.

निविदेत छापलेली रक्कम येते कुठून?

दरसूचीतून, म्हणजे खात्याने प्रत्येक बाबीला ठरवलेल्या दरांच्या यादीतून. पूर्वी प्रत्येक जिल्ह्याची वेगळी असायची, म्हणून जुने लोक अजून "डीएसआर" म्हणतात. आता राज्य दरसूची आहे. शाखा अभियंता परिमाणं काढतो, त्यांना दरसूचीतल्या दराने गुणतो, वाहतुकीचं अंतर धरतो, डोंगराळ भाग किंवा महापालिका हद्द असेल तर त्याची टक्केवारी लावतो आणि अंदाजपत्रक तयार होतं. प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता, आणि शेवटी निविदेवर चढते ती रक्कम.

मात्र प्रशासकीय मान्यतेची रक्कम आणि निविदेची रक्कम एक नसते. मान्यतेत जीएसटी, विमा, गुणवत्ता चाचण्या, आकस्मिक खर्च, कधी विजेचे खांब हलवायचा खर्चही असतो. गावातल्या फलकावर पन्नास लाख वाचून "निविदा चाळीसचीच कशी? दहा लाख कुणी खाल्ले?" असा प्रश्न ग्रामसभेत उठतो. बहुतेक वेळा कुणीच खाल्लेले नसतात.

मग ही रक्कम म्हणजे कमाल मर्यादा का? त्याच्या वर दर भरला तर निविदा बाद होते?

आपोआप बाद होत नाही. अंदाजित रक्कम ही खात्याची मोजपट्टी. वरचा दर आला की खातं त्या वेळच्या बाजारभावाने दराचं पृथक्करण (साहित्य, मजुरी असा फोडून हिशेब) करून बघतं, कारण अंदाजपत्रक जुन्या दरसूचीवर असू शकतं आणि दरम्यान डांबर किंवा सळई भडकलेली असू शकते. केंद्रीय लोकनिर्माण विभागाच्या पद्धतीत अशा समर्थनीय दराच्या ५ टक्के वरपर्यंत दुर्लक्ष करता येतं, खास परिस्थितीत १० टक्क्यांपर्यंत. लक्षात घ्या, ही टक्केवारी छापील रकमेवर नाही, नव्याने काढलेल्या समर्थनीय दरावर आहे. राज्यातही दर जितका वर, तितकी फाईल वरच्या टेबलावर जाते. कार्यकारी अभियंत्याच्या हातातला निर्णय अधीक्षक अभियंता, मुख्य अभियंता, मंत्रालय असा चढत जातो.

म्हणजे ८ टक्के अबव्ह (वर) भरणं गुन्हा नाही. पण फाईलला वेळ लागेल, फेरनिविदा निघू शकेल आणि तोवर तुमची बयाणा रक्कम (निविदेबरोबर भरलेली अनामत) अडकून राहील, हे धरून चाला. "निविदा रकमेपेक्षा जास्त दर स्वीकारले जाणार नाहीत" असं वाक्य संचात असेल तर मात्र ती खरी कमाल मर्यादा. असं वाक्य आहे का, ते शोधायला दहा मिनिटं लागतात.

बी-१ आणि बी-२ मध्ये दर भरण्यात फरक काय?

हे निविदेचे दोन नमुने. बी-१ मध्ये खात्याचे दर तयार असतात, तुम्ही एकूण किती टक्के कमी किंवा जास्त एवढंच सांगायचं. बी-२ मध्ये प्रत्येक बाबीचा दर तुमचा.

बी-२ मध्ये एक जुनी चलाखी चालते. ज्या बाबींचं परिमाण वाढणार असं वाटतं त्यांचे दर फुगवायचे, उरलेल्यांचे पाडायचे, म्हणजे बेरीज कमीच दिसते. खोदाईत कठीण खडक जास्त निघणार हे गावातल्या माणसाला ठाऊक असतं, अंदाजपत्रक करणाऱ्याला नसतं. खात्यालाही ही चलाखी माहीत आहे. म्हणून असमतोल दर दिसला की बाबनिहाय पृथक्करण मागतात, आणि परिमाण २५ टक्क्यांहून जास्त वाढलं तर पुढच्या परिमाणाला तुमचा फुगवलेला दर न देता चालू दरसूचीच्या आधारे दर ठरतो. ठेकेदारांच्या बोलीत हे "अडतीस कलम".

बिलो, म्हणजे अंदाजित रकमेच्या खाली, किती जाता येतं? किमान मर्यादा आहे का?

मर्यादा नाही, पण किंमत आहे. राज्याच्या बांधकाम विभागाने २०१६ मध्ये आणलेल्या आणि २०१८ मध्ये पुन्हा स्पष्ट केलेल्या पद्धतीनुसार कमी दराबरोबर अतिरिक्त कामगिरी सुरक्षा भरावी लागते:

- निविदा रकमेपेक्षा १० टक्क्यांपर्यंत कमी: १ टक्का.
- १० च्या पुढे १५ पर्यंत: तो १ टक्का, अधिक दहाच्या पुढच्या प्रत्येक टक्क्याला १ टक्का.
- १५ च्या पुढे: वरचं सगळं, अधिक पंधराच्या पुढच्या प्रत्येक टक्क्याला २ टक्के.

चाळीस लाखांचं काम घेऊन मांडूया. १० टक्के बिलो गेलात तर १ टक्का, म्हणजे ४०,००० रुपये. १४ टक्के बिलो: १ अधिक ४, म्हणजे ५ टक्के, २ लाख. १९ टक्के बिलो: १ अधिक ५ अधिक ८, म्हणजे १४ टक्के, ५ लाख ६० हजार. आणि जिद्दीने २५ टक्के बिलो गेलात तर १ अधिक ५ अधिक २०, एकूण २६ टक्के: १० लाख ४० हजार रुपये. काम मिळालं तीस लाखांना, आणि ते सुरू करण्याआधी त्याच्या एक तृतीयांशाहून जास्त रक्कम खात्याकडे अडकली. नेहमीची सुरक्षा अनामत यात धरलेलीच नाही.

आता १९ टक्क्यांचंच उदाहरण पुढे न्या. ५ लाख ६० हजार रुपये तुम्ही १२ टक्के व्याजाने उचलले आणि ते दोन वर्षांनी सुटले, तर सरळ व्याजच १ लाख ३४ हजार ४०० रुपये. तुमचा देकार ३२ लाख ४० हजारांचा. म्हणजे चार टक्क्यांहून जास्त रक्कम फक्त स्वस्तात काम घेतल्याच्या व्याजात गेली. दर काढताना सिमेंटच्या गोणीचे पाच रुपये मोजणारे लोक हा आकडा कागदावर लिहीतसुद्धा नाहीत, याचं मला अजून नवल वाटतं.

ही सुरक्षा धनाकर्षाने (डिमांड ड्राफ्टने) द्यायची की बँक हमीने, लिफाफ्यातच प्रत जोडायची की दर उघडल्यावर ठरलेल्या दिवसांत द्यायची, हे प्रत्येक निविदेत बघा. जिल्हा परिषदा आणि महापालिकांच्या अटीही थोड्याफार वेगळ्या असतात. मुदतीत भरली नाही तर एल-१ (सगळ्यात कमी दरवाला) असूनही काम हातचं जातं आणि बयाणा जप्त होऊ शकते.

तरी लोक तीस-तीस टक्के बिलो जातात. त्यांना परवडतं कसं?

काहींना खरंच परवडतं. स्वतःची खडी क्रशर, स्वतःचा मिक्सर, शेजारच्याच गावात दुसरं काम चालू, म्हणून यंत्रणा आणायचा खर्च नाही. काहींना फक्त अनुभवाचा दाखला हवा असतो, कारण पुढच्या मोठ्या निविदेत "तत्सम काम" दाखवावं लागतं. ते नुकसान फी समजून भरतात.

बाकीच्यांचं गणित साधं आहे. केंद्रीय लोकनिर्माण विभागाच्या दर पृथक्करणात ठेकेदाराचा नफा आणि वरखर्च मिळून १५ टक्के धरलेले असतात. हे १५ टक्के मूळ खर्चावर आहेत, म्हणजे शंभराचा माल ११५ ला. ११५ मधून १५ काढायचे तर साधारण १३ टक्के बिलो झालं. दरसूची बाजाराशी जुळत असेल तर त्याच्या खाली तुम्ही नफ्यातून नव्हे, सिमेंट आणि मजुरीतून कापताय. दरसूची बाजारापेक्षा चढी असेल तर मुभा थोडी जास्त. पण तीस? तिथे एकतर अंदाजपत्रकच फुगलेलं असतं, नाहीतर काँक्रीटची जाडी कमी होणार असते. माझा सल्ला विचाराल तर पंधराच्या खाली जायचं असेल तर आधी साइटवर जाऊन या. नकाशावरून गेलात तर फसाल.

केंद्राच्या निविदांतही ही अतिरिक्त सुरक्षा असते का?

केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने वेगळा विचार केला. असामान्य कमी दर आला तर बोलीदाराकडून लेखी खुलासा आणि दराचं सविस्तर पृथक्करण मागवा, पटलं नाही तर बोली नाकारा, असा रस्ता त्यांच्या खरेदी पुस्तिकांत दिलाय. नोव्हेंबर २०२० च्या परिपत्रकात तर कमी दरासाठी अतिरिक्त सुरक्षेची अट निविदेत घालू नये, असंच बजावलं होतं. म्हणजे एकाच तालुक्यात राज्याच्या कामाला जादा धनाकर्ष, आणि केंद्राच्या कार्यालयाच्या कामाला खुलाशाचं पत्र. मला व्यक्तिशः राज्याची पद्धत आवडते. खुलासा लिहून देणारे पुष्कळ मिळतात, दहा लाख ठेवणारा मात्र दोनदा विचार करतो.

खरीखुरी किमान मर्यादा कुठेच नसते का?

असते, मनुष्यबळ पुरवठ्यात. सुरक्षारक्षक, सफाई कामगार, डाटा एंट्री ऑपरेटर यांच्या निविदांत किमान वेतन, भविष्य निर्वाह निधीचा मालकाचा वाटा (प्रशासकीय शुल्कासह १३ टक्के) आणि कर्मचारी विम्याचे ३.२५ टक्के यांत कुणालाच कपात करता येत नाही. स्पर्धा उरते ती सेवा शुल्काची. पूर्वी लोक शून्य टक्के भरायचे. शून्य शुल्काने माणसं पुरवणारा पैसे कुठून काढतो, हे पगाराच्या दिवशी कामगाराला विचारा. २०१४ मध्ये केंद्राने शून्य शुल्काची बोली प्रतिसादशून्य, म्हणजे बाद, धरायला सांगितलं. मग लोक एक पैसा भरू लागले! शेवटी २०२३ च्या सुरुवातीला किमान ३.८५ टक्क्यांची पायरी ठरवून दिली, वरची ७ टक्के.

झालं काय, तर आता जेमवर जो तो ३.८५ भरतो. पन्नास बोलीदार, पन्नासही एल-१, आणि निवड पोर्टलची संगणकीय सोडत करते. किमान मर्यादा घातली की कामगाराच्या पोटाला हात लागत नाही, हे खरं. पण दराची स्पर्धा तिथेच संपते आणि उरतं ते नशीब. म्हणून पात्रतेच्या अटींकडे जास्त लक्ष द्या, खरी चाळणी तिथे लागते.

आणि कायद्याने ठरलेली कमाल मर्यादा?

औषधांना आहे. औषध किंमत नियंत्रण आदेश २०१३ खाली अनुसूचित औषधांची कमाल किंमत राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरण ठरवतं, त्याच्या वर रुग्णालयाला दर देता येत नाही. हृदयातल्या स्टेंटची कमाल किंमत फेब्रुवारी २०१७ मध्ये अशीच बांधली गेली, औषध लेपित स्टेंटला करांशिवाय २९,६०० रुपये. वेष्टनबंद वस्तूंना छापील किंमत हीच कमाल. एमआरपीच्या वर दर भरून "सरकारी पैसे उशिरा येतात, म्हणून" असं कारण सांगणारा पुरवठादार मी बघितलाय. कारण खरं होतं, पण निविदा बादच झाली.

दरकरार (ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या दराने पुरवठ्याचा करार) असेल तर आणखी एक अट बघा: कराराच्या मुदतीत तीच वस्तू दुसऱ्या कुणाला कमी दराने विकलीत, तर तोच कमी दर खात्यालाही द्यावा लागतो.

वाळूच्या लिलावात "हातची किंमत" म्हणतात, तीच का ही कमाल मर्यादा?

उलटी. तिथे सरकार विकणारं असतं, म्हणून हातच्या किमतीच्या खाली बोली लागत नाही. निविदेत सरकार विकत घेणारं.

एल-१ आल्यावर कार्यालयात बोलावून "अजून दोन टक्के कमी करा" म्हणतात. करावं लागतं का?

केंद्रीय दक्षता आयोगाने मार्च २००७ च्या परिपत्रकात सांगून ठेवलंय की निविदेनंतर वाटाघाटी करूच नयेत, अपवादात्मक परिस्थितीत केल्या तर फक्त एल-१ शी, आणि कारणं लेखी नोंदवून. दर अंदाजापेक्षा वर असेल तर राज्यातली खातीही एल-१ ला पत्राने बोलावतात. तुमचा दर आधीच बिलो असेल तर नम्रपणे नाही म्हणा. तोंडी कबूल काही करू नका. कमी करायचं ठरवलंच तर लेखी पत्र द्या, कोणत्या बाबीचा किती, तारखेसकट.

माझा दर एल-१ पेक्षा जास्त असूनही पुरवठा मिळू शकतो का?

वस्तू आणि सेवांच्या केंद्रीय खरेदीत, हो. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठीच्या २०१२ च्या धोरणात १५ टक्क्यांचा पट्टा आहे. एल-१ मोठा उद्योग असेल, त्याचा दर १०० असेल आणि तुमचा ११३, तर तुम्हाला १०० ला यायची संधी मिळते, आणि आलात तर निविदेतला २५ टक्क्यांपर्यंतचा वाटा मिळू शकतो. ११६ असेल तर नाही. उद्यम नोंदणी (लघु उद्योग म्हणून केलेली) निविदेच्या तारखेला चालू हवी. मेक इन इंडियाच्या २०१७ च्या आदेशात असाच २० टक्क्यांचा पट्टा आहे, ज्यांच्या मालात किमान ५० टक्के स्थानिक घटक आहे त्यांच्यासाठी. बांधकामाच्या ठेक्यांना लघु उद्योगांचं ते धोरण लागू होत नाही. उद्यम प्रमाणपत्र जोडून रस्त्याच्या कामात बयाणा माफी मागणारे अर्ज दरवर्षी परत येतात.

आम्ही चौघांनी मिळून ठरवलं की कुणी दहा टक्के बिलोच्या खाली जायचं नाही. यात वाईट काय? सगळ्यांचंच भलं.

याला रिंग म्हणतात, आणि स्पर्धा कायदा २००२ च्या कलम ३(३)(ड) मध्ये ती बसते. दंड प्रत्येक वर्षाच्या नफ्याच्या तिप्पट किंवा उलाढालीच्या १० टक्के, यात जे जास्त असेल तिथपर्यंत जाऊ शकतो. आणि पकडले जाण्याची कारणं हास्यास्पद असतात: तीन निविदा एकाच संगणकावरून अपलोड, तिन्हींचे धनाकर्ष एकाच शाखेचे, ओळीने क्रमांक. नेट कॅफेवाला तोच असतो, आणि तो सोयीने सगळं एकदमच उरकतो.

दर जीएसटीसह भरायचा की वगळून?

निविदा बघा, अंदाज करू नका. १८ जुलै २०२२ ला शासकीय बांधकामावरचा जीएसटी १२ वरून १८ टक्क्यांवर गेला, तेव्हा ज्यांची निविदा "सर्व करांसह" होती त्यांना फरकासाठी पत्रव्यवहार करत बसावं लागलं. कर वेगळा होता ते निवांत होते.

बीओक्यूमध्ये (दर भरायच्या फाईलमध्ये) कमीऐवजी जास्त निवडलं गेलं. आता?

ही गोष्ट मी डोळ्यांनी बघितली आहे. टक्केवारीच्या निविदेत एक्सेल फाईलला खाली यादी असते, "एक्सेस" की "लेस" निवडायचं, शेजारी आकडा. संध्याकाळचे साडेचार, निविदा पाचला बंद. डिजिटल सही लागत नव्हती, तीनदा टोकन काढून घातलं. शेवटी लागली. ठेकेदार खुर्चीच्या पाठीमागे उभा, म्हणतोय, "दादा, टाका लवकर, ९.९० टाका." आकडा बरोबर पडला, यादीत मात्र "एक्सेस" राहिलं. दर उघडल्या दिवशी पाच जण बिलो, हा एकटा ९.९० टक्के अबव्ह. पडद्यावर नाव शेवटी. मला फोन आला तेव्हा तो पहिल्यांदा काही बोललाच नाही.

त्याचं नशीब एवढंच की चूक वरच्या बाजूची होती. काम गेलं, बयाणा परत आली. दशांश चिन्ह चुकून ९.९० चं ९९.० टक्के कमी झालं असतं तर एल-१ झाला असता, आणि माघार घेतली म्हणून बयाणा गेली असती. निविदा बंद व्हायच्या आधी चूक दिसली तर पोर्टलवर दुरुस्त देकार पुन्हा चढवता येतो, जुना आपोआप मागे पडतो. बंद झाल्यावर काही नाही. म्हणून आता मी फाईल चढवायच्या आधी एकूण रकमेचा रकाना ठेकेदाराला मोठ्याने वाचायला लावतो: "अक्षरी छत्तीस लाख चार हजार." आकडा डोळ्यांना फसवतो, अक्षरी रक्कम कानाला फसवत नाही. आणि महाटेंडर्सवरून (राज्याच्या ई-निविदा पोर्टलवरून) उतरवलेल्या बीओक्यू फाईलचं नाव बदलू नका, परत चढवताना ती घेत नाही.

काम चालू असताना डांबर महागलं. दर वाढवून मिळेल?

निविदेत भाववाढीचं कलम असेल तरच. मोठ्या मुदतीच्या कामांत मजुरी, डिझेल, इतर साहित्य यांचे निर्देशांक धरून सूत्राने फरक मिळतो, आणि सिमेंट, पोलाद, डांबर यांचा वेगळा हिशेब तारांकित दराने, म्हणजे निविदेत छापलेल्या मूळ दराशी तुलना करून, होतो. भाव पडले तर कपातही त्याच सूत्राने. छोट्या कामांत हे कलम सहसा नसतं, म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर निघालेल्या निविदेत दिवाळीनंतरचा भाव धरून दर काढा. मूळ अंदाजात नसलेली नवी बाब निघाली तर तिचा दर जादा बाबींच्या यादीतून मंजूर करून घ्यावा लागतो. काम आधी आणि मंजुरी मागून, असं साहेबांच्या शब्दावर केलंत तर मोजमाप पुस्तिकेत ते येईपर्यंत साहेब बदललेले असतात. खर्च मान्यतेच्या फारच पुढे गेला तर गाडी सुधारित प्रशासकीय मान्यतेपाशी, म्हणजे "सुप्रमा"पाशी, थांबते.

माझाच दर सगळ्यात कमी होता, तरी निविदा रद्द केली. कोर्टात जाऊ?

सगळ्यात कमी दर आला म्हणून ठेका मिळण्याचा हक्क तयार होत नाही. टाटा सेल्युलर प्रकरणात १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चौकट घालून दिली: न्यायालय निर्णय कसा घेतला ते तपासतं, स्वतः निविदा समिती बनत नाही. मनमानी, पक्षपात, निविदेच्याच अटी मोडणं दिसलं तर उच्च न्यायालयात रिट करता येतं. नुसतं "माझा दर कमी होता" एवढ्यावर वकिलाची फी वाया जाते.

त्याआधी एक स्वस्तातलं काम करा. माहिती अधिकारात दरांचा तुलनात्मक तक्ता, निविदा समितीचं इतिवृत्त आणि रद्द करण्याच्या कारणांची टिप्पणी मागा. निविदा चालू असताना व्यापारी गोपनीयतेचं कारण देऊन नाकारतील, निर्णय झाल्यावर ते कारण फारसं टिकत नाही. अर्जावर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा, आणि "सर्व माहिती द्यावी" असं न लिहिता निविदा क्रमांक, काम आणि कागदाचं नाव लिहा.